कोबीला पाणी सुटते, भेंडीला तार येते: घरच्या सुक्या भाजीविषयी

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. तुम्ही दोघांपुरती अर्धा किलो कोबीची किंवा भेंडीची भाजी घरी करता. फोडणी जमते, चवही बरी असते, पण कोबी उकडल्यासारखा पाणचट होतो, भेंडी चिकट राहते, आणि गवार करायला घेतली तर ती एक तर कच्ची राहते किंवा खाली लागते. झाकण ठेवावे की नाही, मीठ नेमके कधी घालावे आणि तेल किती घ्यावे, हे तुम्ही विचारले आहे. पुण्यात पोळीभाजीचे डबे देण्याचे काम मी गेली २६ वर्षे करते आहे आणि या तिन्ही भाज्या आठवड्यातून एकदा तरी माझ्या कढईत असतातच. त्यामुळे उत्तर थोडे लांबले तरी ते सविस्तर द्यावे असे मला वाटते.

तुमच्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. सुकी भाजी करताना आपले सारे लक्ष मसाल्याकडे असते. भाजीच्या अंगचे पाणी कधी बाहेर येते, ते कढईत किती वेळ थांबते आणि कोणत्या वाटेने निघून जाते, इकडे मात्र आपण पाहत नाही. कोबीच्या वजनात सुमारे ९२ टक्के पाणीच असते, भेंडीत सुमारे ९० टक्के, आणि कोरडा दिसणाऱ्या बटाट्यातसुद्धा ते ८० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे अर्धा किलो कोबी कढईत घालता तेव्हा त्याच्याबरोबर साडेचारशे ग्रॅमहून अधिक पाणी तुम्ही कढईत घालत असता. हे सगळे पाणी काढून टाकायचे नसते, कारण भाजी मऊ होते ती त्याच्याच वाफेवर. पण जे बाहेर येते ते लगेच उडून गेले पाहिजे, कढईच्या तळाशी साचता कामा नये. ते साचले की तळाशी तापलेल्या तेलाऐवजी उकळते पाणी राहते, आणि त्या क्षणापासून भाजी परतली जात नाही, उकडली जाते.

म्हणून आधी कढईविषयी सांगते. अर्धा किलो कोबीला तोंडाशी २६ ते २८ सेंटिमीटर रुंद, पसरट कढई हवी. कच्च्या कोबीचा ढीग मोठा दिसतो आणि तो सांडेल या भीतीने आपण खोल पातेले घेतो, पण खोल भांड्यात खालच्या थराची वाफ वरच्या थराला ओलांडून बाहेर पडू शकत नाही. ती वरच्या गार पानांवर गोठून पुन्हा खालीच येते. हे मी स्वतः नुकसान सोसून शिकले आहे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी एका दिवशी अचानक जास्तीचे डबे आले, तेव्हा वेळ वाचावा म्हणून मी चार किलो कोबी एकाच उभ्या पातेल्यात घातला, लवकर शिजावा म्हणून मीठही आरंभीच घातले, आणि पंधरा मिनिटांनी झाकण काढले तेव्हा पिवळ्या पाण्यात कोबी अक्षरशः पोहत होता. ते पाणी आटवता आटवता कोबीचा लगदा झाला आणि त्या दिवशी सगळे डबे तासभर उशिरा गेले. त्या दिवसापासून माझ्याकडे मोठ्या प्रमाणातली भाजीसुद्धा दोन-तीन पसरट कढयांत वाटून होते. घरीही पाहुणे असतील तर हाच मार्ग धरावा. प्रमाण दुप्पट करताना कढई दुप्पट खोल घेऊन चालत नाही.

कोबी धुवायचा तो चिरण्यापूर्वी. वरची दोन-तीन पाने काढून गड्ड्याचे चार भाग करावेत, मधला दांडा तिरपा कापून काढावा, चारही भाग पाण्यात बुचकळून घ्यावेत आणि कापलेली बाजू खाली करून चाळणीत दहा-पंधरा मिनिटे निथळत ठेवावेत. चिरल्यावर धुतलेल्या कोबीच्या दुमडींमध्ये इतके पाणी अडकते की ते निथळून निघतच नाही. चिरताना विळी असो वा सुरी, धार चांगली हवी आणि काप लांब व सारखे, साधारण दोन ते तीन मिलिमीटर रुंदीचे यावेत. यंत्रात फिरवून बारीक केलेला कोबी मी या भाजीसाठी मुळीच वापरत नाही, कारण पात्याच्या माराने पाने ठेचली जातात आणि कढईत पडण्यापूर्वीच त्यांना पाणी सुटू लागते. हाताने चिरलेल्या आणि यंत्रातून काढलेल्या कोबीच्या दोन वाट्या शेजारी शेजारी दहा मिनिटे ठेवून पाहा. दुसऱ्या वाटीच्या तळाशी ओल दिसेल.

फोडणी तुम्हाला जमते असे तुम्ही म्हणता, तेव्हा तिच्याविषयी थोडेच लिहिते. अर्धा किलो कोबीला दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर तेल पुरते. तेल पुरेसे तापल्याशिवाय मोहरी घालू नये. मोहरीच्या आतल्या ओलाव्याची वाफ होऊन ती फुटते आणि फुटल्यावरच तिची चव उतरते. न तडतडलेली मोहरी दाताखाली कडवट लागते. मोहरी शांत होत आली की आच कमी करून जिरे, हिंग, पुसून कोरडा केलेला कढीपत्ता, हिरव्या मिरचीचे तुकडे आणि शेवटी हळद घालावी. बाजारातल्या बहुतेक पूड हिंगात पीठ किंवा डिंक मिसळलेला असतो, म्हणून मोठ्या आचेवर तो करपतो. हळदीचा रंग पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो, त्यामुळे ती फोडणीतच घालावी, पण हळद घातल्यावर पुढची भाजी हाताशी तयार असावी, कारण अर्ध्या मिनिटात तिचाही रंग काळवंडतो. कोबीत हरभऱ्याची डाळ आवडत असेल तर दोन मोठे चमचे डाळ किमान दोन तास भिजवून, निथळून, कोबीच्या आधी फोडणीत दोन मिनिटे परतावी. डाळीला कोबीपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता खरी भाजी. आच मोठी करावी आणि आधी निम्माच कोबी घालावा. सगळा एकदम घातला की कढई गार पडते आणि ती पुन्हा तापेपर्यंत कोबी पाणी सोडत बसतो. निम्मा कोबी तेलात घोळून थोडा खाली बसला, की उरलेला घालून खालचा वर, वरचा खाली असे परतावे. या पहिल्या चार-पाच मिनिटांत झाकण नको आणि मीठही नको. याच वेळी कान कढईकडे ठेवावा, असे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. पाणी बाहेर येताच उडून जात असेल, तर कढईतून सतत कोरडी चुरचुर ऐकू येते. तो आवाज जड होऊन खदखद ऐकू येऊ लागली, की तळाशी पाणी साचू लागले असे समजावे. तेव्हा आच आणखी वाढवावी आणि कोबी कडेपर्यंत पसरून मधला तळ मोकळा करावा. मिनिटभरात चुरचुर परत येते.

पाच मिनिटांनी ढीग जवळजवळ निम्मा होतो आणि पानांना तकाकी येते. आता आच बारीक करून झाकण ठेवावे आणि एक वाफ येऊ द्यावी. त्याला तीन-चार मिनिटे पुरतात, त्याहून अधिक नको. कोबी जितका जास्त वेळ कोंडून शिजतो, तितका त्यातल्या गंधकयुक्त घटकांचा उग्र वास वाढत जातो. ज्या घरात मुले कोबीच्या वासाने नाक मुरडतात, त्या घरात बहुधा तो झाकणाखाली वीस मिनिटे शिजत असतो. झाकण काढताना ते तिरपे न करता सरळ उचलून बाजूला न्यावे, म्हणजे त्याला लागलेले पाणी भाजीत पडणार नाही. मग मीठ आणि हवी तर पाव चमचा साखर घालून, मोठ्या आचेवर, उघड्या कढईत दोन-तीन मिनिटे परतावे. भाजी झाली की नाही हे ओळखण्यासाठी उलथन्याने कढईच्या मधोमध तळापर्यंत एक रेघ ओढावी. दोन्ही बाजूंनी पाणी झिरपून रेघ भरून आली, तर आणखी मिनिटभर परतावे. रेघ तशीच राहिली आणि तळाशी फक्त तेलाची चमक दिसली, तर गॅस बंद करावा. कोबी या वेळी मऊ असतो, पण दाताला त्याचा थोडा करकरीतपणा जाणवतो. एवढ्या सगळ्याला मिळून बारा-तेरा मिनिटे लागतात.

मिठाचा प्रश्न यातच आला, पण त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. मीठ भाजीतले पाणी बाहेर ओढते. काकडीच्या चकत्यांना मीठ लावून ठेवले की जे होते, तेच कढईतही होते. म्हणून जिथे पाणी नको आहे तिथे मीठ उशिरा आणि जिथे हवे आहे तिथे लवकर घालावे. दुधी आणि पडवळ यांच्या भाजीत मी मीठ आरंभीच घालते, कारण त्यांना सुटणाऱ्या पाण्यातच त्या शिजतात आणि वरून थेंबभरही घालावे लागत नाही. तोंडल्यांच्या काचऱ्यांनाही लवकर घातलेल्या मिठाचा फायदाच होतो. कोबी, भेंडी, फ्लॉवर यांच्या बाबतीत मात्र ते शेवटच्या टप्प्यातच घालावे. प्रमाण म्हणाल, तर साफ केलेल्या अर्ध्या किलो भाजीला पाऊण ते एक सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम मीठ पुरते. मेथी, माठ, चवळई अशा पालेभाज्या कढईत घालताना डोंगराएवढ्या दिसतात आणि वाफ आली की मूठभर होतात; तो डोंगर पाहून मीठ घातले तर भाजी हमखास खारट होते. पाला खाली बसल्यावरच मिठाचा अंदाज घ्यावा.

गवारीचे गणित कोबीच्या उलट आहे. तिची साल चिवट असते, अंगचे पाणी सहज सुटत नाही, आणि तिला मऊ व्हायला कोबीच्या दुप्पट वेळ लागतो. उघड्या कढईत ती नुसती वाळते, कोरड्या झाकणाखाली खाली लागते आणि पाणी ओतून शिजवली तर बेचव होते. यावर आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय म्हणजे कढईवर ताट ठेवून त्या ताटात पाणी ओतणे. हे अनेकांना आजीची सवय एवढेच वाटते, पण त्यामागे फार नेमका विचार आहे. नुसते झाकण तापले की वाफ त्याच्या कडेने निसटत राहते आणि कढई कोरडी पडते. ताटात पाणी असले, की ताटाचा तळ वाफेपेक्षा गार राहतो, वर आलेली वाफ त्याला लागून तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा भाजीवर पडतात. भाजीला तिचेच पाणी सारखे परत मिळत राहते, त्यामुळे वरून पाणी न ओतता ती शिजते आणि लागतही नाही. एखाद्या वेळी दोन चमचे पाणी घालावेच लागले, तर ताटातले गरम पाणी हाताशी असते. गार पाणी घातले की शिजणे थांबते आणि कढई पुन्हा तापेपर्यंत भाजी आखडून बसते.

कोवळी गवार घेऊन, दोन्ही टोके व शिरा काढून, तिचे हातानेच इंचभर तुकडे मोडावेत. फोडणीत मोहरी-जिऱ्याबरोबर पाव चमचा ओवा घालावा. गवारीला ओवा जसा शोभतो तसा दुसऱ्या भाजीला क्वचितच. गवार मध्यम आचेवर तीन-चार मिनिटे उघडीच परतावी. हिरव्या भाजीतली आम्ले शिजताना वाफेबरोबर बाहेर पडतात. ती सुरुवातीपासून झाकणाखाली कोंडली, तर हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते आणि रंग मळकट होतो. त्यानंतर आच बारीक करून, पाण्याचे ताट ठेवून, बारा ते पंधरा मिनिटे शिजू द्यावी आणि मधे तीन-चार वेळा हलवावी. एक शेंग अंगठा आणि तर्जनीत धरून दाबली असता सहज चेपली, म्हणजे ती शिजली. मग मीठ, दीड चमचा गोडा मसाला, सुपारीएवढा गूळ आणि दोन मोठे चमचे दाण्याचे कूट घालून, ताट काढून, दोन मिनिटे परतावे. रंग टिकावा म्हणून काही जण खाण्याचा सोडा घालतात. सोड्याने रंग हिरवागार राहतो हे खरे, पण शेंगा गिळगिळीत होतात आणि काही जीवनसत्त्वांचा नाश होतो, त्यामुळे मी तो कधीच वापरत नाही.

भेंडीकडे मी सर्वांत जास्त वेळ देणार आहे, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. भेंडीत लांब साखळ्यांची शर्करेसारखी संयुगे असतात, ती पाणी पिऊन फुगतात आणि तीच आपल्याला तार म्हणून दिसतात. पाण्याचा स्पर्श नसेल तर ती फुगू शकत नाहीत, आणि भेंडीचे सगळे तंत्र याच एका गोष्टीवर उभे आहे. भेंडी घेताना तिचे टोक हलकेच मोडून पाहावे. कट्‌कन मोडले तर ती कोवळी, वाकले तर जून. घरी आणल्यावर ती अख्खीच धुवावी आणि स्वच्छ पंचावर एकेक सुटी पसरून निदान दोन तास वाळू द्यावी. सकाळच्या डब्याची भाजी असेल तर रात्री धुऊन पंख्याखाली पसरून ठेवणे सर्वांत चांगले. घाई असेल तर प्रत्येक भेंडी पंचाने पुसावी. अर्धा किलो भेंडी पुसायला सात-आठ मिनिटे लागतात आणि ती मिनिटे वाया जात नाहीत. सुरी, पाट आणि आपले हातही कोरडे हवेत. चिरताना सुरीला तार लागू लागली की ती कोरड्या फडक्याने पुसावी, पाण्याखाली धरू नये. चकत्या पेरभर जाडीच्या ठेवाव्यात. फार पातळ चकत्यांना कापलेल्या बाजू जास्त असतात आणि जितक्या बाजू उघड्या पडतात तितकी तार अधिक सुटते.

या भाजीला तेल थोडे जास्त, अर्ध्या किलोला अडीच ते तीन मोठे चमचे घ्यावे. तेलात कपात करायची असेल तर ती कोबीत करावी, भेंडीत नाही. कापलेल्या प्रत्येक बाजूला तेल लागले की आतला ओलावा लवकर उडतो. कढईत भेंडीचा थर दोन पेरांपेक्षा जाड नसावा. आच मध्यमपेक्षा किंचित मोठी ठेवावी, आणि झाकण आरंभापासून शेवटपर्यंत एकदाही ठेवू नये, कारण झाकणावरून पडलेल्या दहा थेंबांनीसुद्धा तार परत येते. सारखे ढवळूही नये. पसरट उलथने तळाशी सरकवून भाजी अलगद उलटावी आणि पुन्हा दोन मिनिटे तशीच राहू द्यावी. ढवळत राहिल्याने चकत्या मोडतात, बिया बाहेर येतात आणि तार वाढते. पाचव्या मिनिटाला भाजी अतिशय चिकट दिसते. त्या वेळी घाबरून अनेक जण गॅस कमी करतात, झाकण ठेवतात किंवा पाण्याचा हबका मारतात आणि तिथेच भाजी बिघडते. त्या टप्प्यावर काहीही न बदलता परतत राहावे. आठव्या-दहाव्या मिनिटाला उलथन्याला लागलेल्या तारा पातळ होतात, मग तुटतात, आणि चकत्या एकमेकींपासून सुट्या होऊन कढईत घरंगळू लागतात. कडा तपकिरी दिसू लागल्या की मीठ घालून दोन मिनिटांत भाजी उतरवावी.

भेंडीत आंबट घालण्याची आपली जुनी पद्धत आहे, तीही शास्त्राला धरून आहे. आम्लामुळे भेंडीच्या तारेचा चिकटपणा कमी होतो. तीन-चार आमसुले, दोन छोटे चमचे लिंबाचा रस किंवा दोन मोठे चमचे आंबट दही यांपैकी काहीही एक, भेंडी तेलात तीन-चार मिनिटे परतल्यावर घालावे. मी आमसुलालाच पसंती देते, कारण त्याबरोबर पाणी जवळजवळ जात नाही. ते हाताने बारीक तोडून घातले की पुरते. आंबटामुळे रंग थोडा उतरतो, पण चिकट भेंडीपेक्षा किंचित फिकी भेंडी केव्हाही बरी.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण याच गोष्टीमुळे तुमची गवार कच्ची राहत असण्याचा बराच संभव आहे. भेंडीत आंबट लवकर घालायचे असते, पण गवार, बटाटा, फरसबी, तोंडली यांत ते भाजी पूर्ण मऊ झाल्यावरच घालावे लागते. भाजीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे पेक्टिन आंबट वातावरणात सहज सुटत नाही. कच्च्या गवारीत चिंचेचा कोळ, टोमॅटो किंवा आमसूल पडले, की पुढे कितीही वाफा आणल्या तरी शेंगा टचटचीतच राहतात. बटाट्याच्या काचऱ्यांत टोमॅटो आधी घातला की बटाटा शिजता शिजत नाही, याचेही कारण तेच.

कढई कोणती, याला माझ्याकडे प्राधान्यक्रम आहे. परतण्याच्या भाजीला लोखंडाची किंवा बिडाची कढई सर्वांत चांगली, कारण ती तापली की भाजी पडल्यावरही तिची उष्णता टिकून राहते. मात्र लोखंडात आंबट घातलेली भाजी काळसर होते आणि तिला धातूची चव येते, म्हणून भेंडीत आमसूल घालायचे असेल तर जाड बुडाची स्टीलची किंवा नॉनस्टिक कढई घ्यावी. आणि लोखंडी कढईत केलेली कोणतीही भाजी झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढावी. इंडक्शनच्या शेगडीवर एक अडचण येते: कमी आचेवर ठेवल्यास अनेक शेगड्या मधे मधे बंद होऊन पुन्हा सुरू होतात आणि त्या खंडात कढई गार पडते. म्हणून तिच्यावर कोबी आणि भेंडी मध्यम आचेच्या खाली नेऊ नये.

इतके करूनही एखाद्या दिवशी कोबीला पाणी सुटलेच, तर भाजी टाकून देण्याची किंवा आटवत बसण्याची गरज नाही. अशा वेळी पीठ पेरावे. अर्धा किलो भाजीला तीन-चार मोठे चमचे हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आधी कोरड्या तव्यावर खमंग वास येईपर्यंत भाजून घ्यावे, भाजी कढईत पसरून ते चिमटी-चिमटीने सर्वत्र भुरभुरावे, वरून चमचाभर तेल सोडावे आणि झाकण ठेवून बारीक आचेवर तीन मिनिटे वाफ द्यावी. पिठाने सुटलेले पाणी ओढून घेतले जाते, भाजी मोकळी होते आणि तिची चव वेगळीच पण उत्तम लागते. पीठ एकाच जागी ओतले तर गोळे होतात, एवढी काळजी घ्यावी. सिमला मिरची आणि कांद्याची पात यांची भाजी आपण मुळातच अशी करतो. दाण्याचे कूट आणि खवलेले ओले खोबरे हेही थोडे पाणी शोषतात, पण ते चवीसाठी घालायचे, दुरुस्तीसाठी नाही; पाणचट कोबीत मूठभर खोबरे घातले तर खोबरेही ओले होऊन लवकर आंबते. कोथिंबीर गॅस बंद केल्यावरच घालावी.

भाजी डब्यात न्यायची असेल तर शेवटची काळजी भरताना घ्यावी लागते. कढईतून काढलेली गरम भाजी तशीच डब्यात भरून झाकण लावले, की तिची वाफ झाकणाला लागून गोठते आणि दुपारी डबा उघडेपर्यंत ते सगळे पाणी भाजीत उतरलेले असते. भेंडीला तर तिथे पुन्हा तार येते. माझ्याकडे भाजी झाली की ती परातीत पसरून दहा मिनिटे पंख्याखाली ठेवतात आणि हाताला कोमट लागू लागल्यावरच डबे भरतात. तुम्ही घरी ताटात पसरून तेवढाच वेळ ठेवा आणि डब्याचे झाकण आतून कोरडे आहे ना, ते लावण्यापूर्वी एकदा पुसून घ्या.